शनिवारची आवस

"आई, येळवस शनिवारी घेता येईल का?"

सुनेनं फोनमधून हे विचारलं तेव्हा चन्नम्माच्या मांडीवर सूप होतं, सुपात हरभऱ्याचे कोवळे शेंडे होते आणि ते खुडून खुडून बोटांना आंब चढली होती. बोटं तशीच थांबली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली आवस. त्या दिवशी अख्खा धाराशिव जिल्हा घरांना कुलपं घालून रानात जातो, कडब्याची कोप उभी करतो, कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतो आणि डोक्यावरनं वाहून आणलेली आंबील उभ्या पिकावर शिंपडतो. शहरात त्या दिवशी चहाची टपरी उघडी सापडत नाही. बदलून आलेला नवा साहेब विचारतो, संचारबंदी लागली का? असा तो दिवस, आणि औंदा तो सोमवारी होता. चंद्र सोमवारी जाणार होता म्हणून सोमवारी होता. त्यात चन्नम्माचा हात नव्हता, तिच्या मालकांचा, सिद्रामप्पांचा, नव्हता, आणि हॉलंडातल्या आइंडहोवनला राहणाऱ्या त्यांच्या सुनेनं सही करावी असा रकाना पंचांगात कुणी ठेवलेला नव्हता.

दर रविवारी साडेतीनला यायचा तसा तो फोन आला होता आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. त्यात आधी मुलगा दिसला होता, शंभुलिंग, मग भुवनेश्वरी, मग दोघंही गेली आणि नुसते रंगीत चौकोन आले. "हा बघ अव्वा, आपला प्लॅन," शंभुलिंगाचा आवाज चौकोनांच्या मागून आला. "हिरवं म्हणजे मित्र. निळं म्हणजे फिरणं. पिवळं म्हणजे फॅमिली." चन्नम्मा दुसरी पास होती आणि चौकोनांतलं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण रंग कळायला शाळा लागत नाही. पंधरा दिवसांत हिरवे सहा होते, निळे आठ होते. पिवळा एक होता.

"सोमवारी आम्ही हंपीत असतो," शंभुलिंग सांगत होता. "हॉटेलं झालीत, गाड्या झाल्यात. एकतीसला गोवा. मार्टिन आणि त्याची बायको येतायत आपल्यासोबत, माझ्या ऑफिसातले, आणि पुण्यातनं दोन जोडपी. शनिवारी सगळे तुझ्याकडं. सगळ्यांना येळवस बघायचीय."

"शनिवारी तेरस हाय," चन्नम्मा म्हणाली.

"हो गं. पण आपण ठरवलं तर…"

"आवस आपुन ठरवीत न्हाई."

चौकोन गेले आणि भुवनेश्वरीचा हसरा चेहरा आला. "आई, आम्ही इकडं गणपतीसुद्धा वीकेंडला बसवतो. दिवाळी तर ह्या वेळी सोळा तारखेला केली, हॉलच तेव्हा मिळाला. देवाला काही प्रॉब्लेम नसतो हो."

"आरोही कुठाय?" नातीचं नाव घेताना चन्नम्माचा आवाज उगाच मऊ झाला आणि त्या मऊपणाचाच तिला राग आला.

"पोहायला गेलीय. आई, मग शनिवारी ना?"

"बघते," असं म्हणून तिनं बाटली पाडली. फोन उताणा पडला आणि छताचा पंखा आइंडहोवनला दिसत राहिला.

रागाला तिनं कधी नावं ठेवली नव्हती. राग म्हणजे घरातलं मीठ, संपलं तर शेजारी मागायला जावं लागतं, असं ती म्हणायची. पण आजचा राग खारट नव्हता, तो हरभऱ्याच्या पानावरल्या पाण्यासारखा आंबट होता आणि दातांत बसत होता. ती उठून गॅलरीत गेली. धाराशिव शहरातली तिसऱ्या मजल्यावरची ही जागा शंभुलिंगानं घेऊन दिली होती, गावाकडचं, बेंबळीचं घर पावसात गळतं म्हणून, दवाखाना जवळ पाहिजे म्हणून. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर दुसऱ्याच्या घराची फोडणी नाकात यायची. आपल्या फोडणीला आपलं अंगण नाही, ह्या गोष्टीची सवय तिला पाच वर्षांत झाली नव्हती. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी गाद्या वाळत होत्या. शनिवारी घ्यायची म्हणे. घ्यायची! भाजी घ्यावी, लुगडं घ्यावं. दिवस कुठनं घेतात? कुठल्या बाजारात भरतो तो? आणि हसत विचारती, वर देवाचा निरोप सांगती, की त्याला प्रॉब्लेम नसतो. त्याला नसंल बाई. त्याला तिसरा डोळा हाय, त्याला तिथनं हंपी बी दिसती आन् बेंबळी बी. मला दोनच हाईत, आन् एकात मोतीबिंदू.

ह्या सुनेला तिकडं सगळे 'बी' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी चन्नम्मा तीन महिने तिकडं राहून आली होती, तेव्हा पहिल्याच दिवशी दारात आलेल्या गोऱ्या बाईनं 'बी' अशी हाक मारली आणि भुवनेश्वरी ओ देत धावली. सोलापूरच्या चांगल्या घरातली, आईबापानं पाच अक्षरी नाव दिलेली पोर. बी! कशाचं बी? जवारीचं का करडईचं? चन्नम्मानं हे विचारलं तेव्हा पोरगी खळखळून हसली होती आणि संध्याकाळी आलेल्या बावीस माणसांना तिनं ते सासूचा विनोद म्हणून सांगितलं होतं. बावीस माणसं. चन्नम्मानं दारातले जोडे मोजले होते. दर शुक्रवारी, शनिवारी जोड्यांची ती रांग लागायची, नाहीतर ह्या दोघांचे जोडे दुसऱ्याच्या दारात जायचे. फ्रिजवर एक कागद होता आणि त्या कागदात महिनाभराची माणसं भरलेली होती. कुणाचा वाढदिवस, कुणाचं नवं घर, कुणाचं बाळ, कुणाची नुसतीच वांगी भाजायची पार्टी. माणसं चांगली होती, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं होतं. पाया पडायची, 'आजी बसा' म्हणायची. पण एक गोष्ट तिला पहिल्या आठवड्यातच टोचली आणि मग टोचतच राहिली. तिथं बसून तिथलं कुणी बोलत नव्हतं. पोर्तुगालहून आलेले पोर्तुगालचं सांगत आणि ऐकणारे क्रोएशियाची तिकिटं काढत. ताटात भात असायचा आणि तोंडात पुढच्या आठवड्यातल्या जेवणाचं बोलणं. गेल्या ठिकाणाचे फोटो आणि जायच्या ठिकाणाचे फोटो ह्यांच्या मधल्या सापटीत ही माणसं उभ्या उभ्या जेवत होती, आणि शंभुलिंग त्यांच्यात हसताना असा हसायचा, की तिला वाटायचं हे हसू ह्याला कुणी शिवून दिलं, माप कुणी घेतलं?

त्या वर्षी खऱ्या दिवाळीला ती पहाटे उठली होती. बाहेर काळोख आणि थंडी, घरात हीटरची ऊब, आणि तिनं एकटीनं तेल लावून, उटणं लावून, त्या काचेच्या मोरीत अंघोळ केली. बाहेर आली तर दोघं कामावर निघालेली. "हॅपी दिवाळी आई, आपली पंधरा दिवसांनी आहे," असं भुवनेश्वरी कोटात हात घालता घालता म्हणाली. आणि ती 'आपली' दिवाळी एका शाळेच्या हॉलात झाली. चन्नम्मानं दोन दिवस राबून तीनशे धपाटे केले. इरकली नेसवून तिला खुर्चीत बसवलं, समोर समई ठेवली, आणि माणसं येऊन तिच्या शेजारी वाकून फोटो काढू लागली, जशी तेरच्या देवळात खांबाला टेकून काढतात तशी. एक बाई धपाट्याचा घास घेऊन म्हणाली, "ऑथेंटिक आहे हं!" चन्नम्मानं सुनेला विचारलं, म्हंजे काय? "म्हणजे खरं, आई." तर चन्नम्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "खोटं धपाटं कसं आसतंय?" पुन्हा सगळी हसली. तिचं काहीही बोलणं तिथं हसण्यावारी जायचं. बेंबळीत तिच्या जिभेला भिऊन सोयरिकी मोडलेल्या लोकांनी समझोते केले होते. तिथं तीच जीभ पोपटाची झाली.

आणखी एक तिला दिसलं होतं, आणि ते आपल्याला दिसायला नको होतं असं तिला अजून वाटायचं. एका शनिवारी कुणाचं तरी पोर आजारी पडलं आणि संध्याकाळचं जेवण रद्द झालं. भुवनेश्वरी तयार होऊन बसली होती, ओठ रंगवलेले, हातात दिवा ठेवायची काचेची वाटी. फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. नुसती बसली. आरोही वर खोलीत, शंभुलिंग दुसऱ्या खोलीत, आणि ही पायरीवर, जसं स्टँडवर गाडी चुकलेलं माणूस बसतं. दहा मिनिटांनी तिनं फोन उचलला आणि एकामागून एक माणसं लावायला सुरुवात केली, आज मोकळे आहात का, आज मोकळे आहात का. त्या आवाजातली तडफड चन्नम्माला कळली. पहिल्यांदा सासरी येऊन कन्नड बोलायला माणूस मिळेना तेव्हा ती स्वतःही अशीच आडावर जाऊन बसायची, कुणी तरी पाण्याला येईल म्हणून. चन्नम्माचं माहेर कन्नड मुलखाला लागून, उमरग्याकडलं, आळूरचं. पण तिला भुवनेश्वरीची कीव करायची नव्हती. कीव आली की रागाचं धार लावलेलं पातं बोथट होतं, आणि आज तिला पातं पाहिजे होतं.

"घे की शनिवारी," सिद्रामप्पा आतून म्हणाले. त्यांनी फोन उचलून पुसून खिशात ठेवला होता. गळ्यात डॉक्टरनं दिलेला पांढरा पट्टा, त्यामुळं मान न वळवता ते अख्खे वळत. "पोरगं येतंय हे का कमी हाय? दोन डाव करू. शनिवारी त्येंची, सोमवारी आपली."

"आन् लगीन बी दोन डाव करा. एक फोटूचं, एक खरं."

"तुज्याशी बोलायचं म्हंजे…"

"तुमी बोलूच नका. तुमच्या मानंमुळं हे सगळं हाय."

हे खरं होतं आणि ते बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण तिनं तोंड गॅलरीकडंच ठेवलं. आंबिलीचं मडकं घरच्या पुरुषानं डोक्यावरनं न्यायचं असतं. घरापासून रानापर्यंत, वाटेत कुठंही खाली न ठेवता. सिद्रामप्पांनी ते पन्नास वर्षं नेलं. उन्हाळ्यात मानेचे मणके गेले आणि सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावर टोपीशिवाय काही ठेवाल तर हात लुळे पडतील. तेव्हा फोनवर ती पोराला सहज म्हणाली होती, "औंदा आंबील कुणाच्या डोक्यावर जाईल कुणास ठावं." आणि शंभुलिंग म्हणाला होता, "मी नेतो की, अव्वा. डिसेंबरात येतोच आहे." तो फक्त म्हणाला. चन्नम्मानं ते गावभर केलं. रान बटईनं करणाऱ्या बलभीमाच्या बायकोला, दगडाबाईला, सांगितलं. किराणावाल्या सोमलिंगाला सांगितलं. मठातल्या स्वामींना सांगितलं. हॉलंडातनं येतोय, आंबिलीसाठी येतोय, असं त्या 'साठी'वर जोर देऊन सांगितलं. भावकीतले हणमंतप्पा, ज्यांची तिन्ही पोरं गावातच आणि तिन्ही बिनकामाची, त्यांना तर मुद्दाम थांबवून सांगितलं. आता तेरसेला मडकं नेऊन आवस झाली म्हणायचं, की आवसेला मडक्याखाली डोकं नाही हे गावाला बघू द्यायचं? तिच्यापुढं सरळ दोन वाटा होत्या, आणि दोन्हींवर हणमंतप्पा हसत उभे होते.

रात्रभर विचार करणाऱ्यांतली ती बाई नव्हती. दिवेलागणीला विभूती लावून, लिंगपूजा आटपून, तिनं स्वतः फोन लावायला सांगितला. "शनवारी या सगळे," ती म्हणाली. "जेवायला रानात या."

"थँक यू, अव्वा!" शंभुलिंग इतका आनंदला, की तिनं काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही हे त्यानं ऐकलंच नाही.

शनिवारी साडेबाराला दोन पांढऱ्या गाड्या बांधावर उभ्या राहिल्या. जवारी छातीला लागत होती, करडईला काटे धरले होते, आणि चारी बाजूंना लांबवर एक माणूस नव्हतं. चन्नम्मा लिंबाखाली सतरंजी टाकून बसली होती. तिनं जेवणात काही कमी ठेवलं नव्हतं. जवारीच्या भाकरी, भरलं वांगं, पिठलं, शेंगांची चटणी, गव्हाची खीर. पाहुण्याला घालावं ते सगळं होतं. येळवसेची, सगळ्या भाज्या एकत्र केलेली भज्जी नव्हती, बाजरीचे उंडे नव्हते, आंबील नव्हती, आणि रानात कोप नव्हती.

शंभुलिंग गाडीतून उतरला तो डोक्याला फेटा बांधूनच. पुण्यात बांधून घेतला असावा, मागं शेपूट नवरदेवासारखं. पोट सुटलं होतं. कानाजवळ पांढरे केस. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. मार्टिन हा ताडासारखा उंच माणूस, बायको त्याच्या खांद्याएवढी, दोघंही मांडी घालून बसायचं शिकून आलेली. आरोही नऊ वर्षांची झाली होती आणि कानात काहीतरी घातलेलं होतं. ती आजीला चिकटून बसली, चन्नम्माच्या गळ्यातली चांदीची करंडी बोटानं उलटी-सुलटी केली आणि तुटक मराठीत म्हणाली, "ह्याच्यात काय राहतं?" चन्नम्मा आतलं लिंग दाखवायला करंडीची कडी काढत होती, तेवढ्यात भुवनेश्वरीनं हाक मारली, "आरू, ग्रुप फोटो!" आणि पोरगी उठून गेली. कडी अर्धी निघालेली राहिली.

जेवताना दोन पुणेकर जोडपी मार्चमधल्या व्हिएतनामवर भांडत होती. भुवनेश्वरी सगळ्यांना वाढत होती, पदर खोचून, मन लावून, हे चन्नम्माला बघावं लागलं. मग मार्टिननं मान वर करून चहूकडं बघितलं आणि शंभुलिंगाला काहीतरी विचारलं. शंभुलिंगाचं तोंड उतरलं. "काय म्हणतोय?" चन्नम्मानं विचारलं.

"काही नाही."

पुण्याच्या एका पोरीनं सांगून टाकलं. "तो विचारतोय, अख्खा जिल्हा रानात येतो म्हणालास ना, मग बाकीचे कुठायत?"

पाणी वाढणारी दगडाबाई पदर तोंडाला लावून वळली, तिचे खांदे हलत होते. चन्नम्मा हसली नाही. "त्येला सांग," ती म्हणाली, "बाकीचे सोमवारी येणार हाईत. तू लवकर आलास. बस, जेव."

शंभुलिंग ताटावरनं उठला. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं तो तिला घेऊन गेला, दंडाला धरून, जसं कधी धरलं नव्हतं. "अव्वा, कोप कुठाय? आंबील कुठाय? मी त्यांना काय काय सांगून आणलंय."

"सोमवारी हुबी ऱ्हाईल कोप. सोमवारी ये."

"मला सोमवारी जमत नाही, हे तुला माहीत होतं. तू हो म्हणालीस."

"म्या जेवायला या म्हणाले. जेवाय घातलं. तुज्या त्या गोऱ्या सायबाला खीर तिसऱ्यांदा वाढली."

"लोकांपुढं माझी शोभा करायची होती तुला."

"लोकांपुढं?" इतका वेळ दाताखाली धरलेलं सुटलं. "हुच्च हाईस का रं?" ही तिच्या आईकडली शिवी होती, वेड्याला देतात ती, आणि ती सुटली की पुढचं थांबत नसे. "तुजे लोक दोन गाड्यांत मावत्यात. माजे लोक ह्या शिवारात हाईत, सोमवारी हुबं ऱ्हाऊन बघतील, चन्नव्वाच्या घरचं मडकं कोन आनतंय ते. म्या गावभर सांगितलंय, माजा पोरगा येतोय. तुला हंपीतली पडकी देवळं बघायची हाईत, ती का पळून चाललीत? चारशे वरसं पडलीत तिथंच. आन् आवस तेवढी तुज्या चौकोनात बसंना म्हनून सरकवायची!"

शंभुलिंगानं डोक्यावरचा फेटा काढला. गोल, घट्ट, जसाच्या तसा तो हातात आला. "सण काय पळून जातो का," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पुढल्या वर्षी येतोच. पेपर परत येत नाही. हे कुणाचं बोलणं आहे, अव्वा?"

तिला लगेच कळलं. बारावीचं वर्ष. तो लातूरला खोली घेऊन राहत होता, शिकवण्यांसाठी, आणि येळवसेला पहाटेच्या गाडीनं न सांगता पळून आला होता. ह्याच बांधावर. ही गोष्ट चन्नम्मानं पंचवीस वर्षं सांगितली होती, लग्नात, बारशात, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. कसं आपण पोराला पाणीसुद्धा न पाजता आल्या पावली जीपमध्ये घातलं, कसं मालक मधे पडले तर त्यांना झटकलं, आणि म्हणून पोरगा कुठल्या कुठं पोचला. गोष्टीच्या शेवटी ऐकणाऱ्या बायका नेहमी म्हणायच्या, आई असावी तर अशी.

"अप्पांनी माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली होती त्या दिवशी," शंभुलिंग म्हणाला. "ह्या वर्षी तू ने, म्हणाले होते. मडकं उचलतच होते ते. तू चुंबळ ओढून घेतलीस. माझे केस आले होते तिच्याबरोबर."

हे ती कधी सांगत नव्हती. विसरली होती असं म्हणता आलं नसतं. गोष्ट सांगताना त्या जागेवर तिचा आवाज मोठा व्हायचा आणि ती जागा ओलांडून पुढं जायची, एवढंच. आता चुंबळीचं ते मऊ कापड तिच्या तळहाताला आलं. धोतराचा तुकडा, दंवानं दमट. पोराचं तोंड आठवेना. त्या दिवशी तिनं तोंडाकडं बघितलंच नव्हतं, जीप सुटेल म्हणून रस्त्याकडं बघत होती. तिला वाटलं, काहीतरी बोलावं. पण राग अजून घशात भरलेला होता आणि त्याच्याखालून दुसरं काही वर यायला वाट नव्हती. "शिकलास ना?" ती म्हणाली. "मोठा झालास ना? का जवारी राखीत बसला आसतास?"

"झालो की," तो म्हणाला. "म्हणून तर कॅलेंडर आहे."

चार वाजता गाड्या गेल्या. भुवनेश्वरीनं जाताना मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "आई, माझंच चुकलं, मी विचारायलाच नको होतं." चन्नम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला, एकदाच, थोपटल्यासारखं केलं आणि काढून घेतला. आरोही काचेतून हात हलवत होती का काच पुसत होती, मोतीबिंदूच्या डोळ्याला ते कळलं नाही.

रविवारी चन्नम्मा आणि सिद्रामप्पा बेंबळीच्या घरी राहिली. कोपीचा कडबा बलभीमानं रानात नेला. सोमवारी पहाटेपासून गल्लीत चुली पेटलेल्या, भज्जीच्या लसणाचा वास, पोरांचा कालवा. सिद्रामप्पा धोतर नेसून, गळ्यातला पट्टा काढून मडक्यापाशी उभे राहिले. "हात लाव," ते म्हणाले. "आजच्या दिसानं काय हुत न्हाई."

"पट्टा घाला," चन्नम्मा म्हणाली.

"मग बलभीमाला बोलीव. त्यो न्हेईल."

"त्यो त्येच्या घरचं न्हेतोय." तिनं कपाळाला विभूती ओढली, फोन कमरेच्या पिशवीत टाकला, जुन्या धोतराची चुंबळ वळली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. सिद्रामप्पा तिच्याकडं बघत राहिले. "बाई मान्सानं…" असं त्यांनी सुरू केलं आणि तिच्या डोळ्यांकडं बघून सोडून दिलं. दगडाबाई धावत आली. "अव्वा, सत्तरी गाठलीय तुमी, मान मोडून घ्याल!"

"तू तुज्या मानंचं बघ. उचल म्हणते न्हवं!"

दोघींनी मडकं उचललं आणि चन्नम्माच्या डोक्यावर ते बसलं तेव्हा तिच्या तोंडून वारा गेला. इतकं जड असतं हे तिला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ती मागून चालली होती आणि मालक हळू चालतात म्हणून कुरकुरली होती. दोन्ही हात वर, कोपरं थरथरणारी, मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यातून आंबिलीचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरत होता, गार आणि आंबट. वाट मुंग्यांसारख्या माणसांनी भरली होती. बायका थबकत होत्या. पुरुष बाजूला होत होते. हणमंतप्पा तिन्ही पोरं पुढं घालून चालले होते, ते वळले. "काय चन्नव्वा? हॉलंडवाले कुठाईत?"

"हंपीला दगडं बघायला गेलेत. तुमी वाट सोडा."

ते बाजूला झाले, आणि हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत ह्याचाही तिला राग आला. ओढा ओलांडला. चढ लागला. रान अजून तीन शेतं पलीकडं होतं आणि श्वास फाटत होता, तेव्हा कमरेचा फोन वाजायला लागला. आज रविवार नव्हता. साडेतीन वाजले नव्हते. ह्या वेळेला त्या फोनवर कुणी नसायचं. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"अव्वा, शंभूदादाचा आसंल," मागून दगडाबाई म्हणाली. "काढू का? लावते तुमच्या कानाला."

"हात लावशील तर बघ."

तिसऱ्यांदा वाजायला लागला. कमरेपाशी ते थरथरत होतं, हट्टी, जसं कडेवरचं पोर पाय झाडतं तसं. काय म्हणायचं असेल? निघालोय म्हणेल, का दाखव म्हणेल, का नुसतंच पोचलो म्हणेल? मडक्याखाली मान वळत नव्हती, हात खाली येत नव्हते, आणि वाटेत मडकं ठेवायचं नसतं. चढावर तिचा पाय एकदा सरकला, दगडाबाई ओरडली, आणि तोल सावरून घेत, समोरच्या जवारीकडं बघत, चन्नम्मा आपल्या कमरेवर खेकसली, इतक्या मोठ्यानं की पुढं चाललेली चार माणसं वळली.

"थांब की मुडद्या! हात मोकळे न्हाईत माजे."